आरंभीचा विलंब

एसटीच्या फलाटावर, तहसील कचेरीच्या बाकावर किंवा दवाखान्याच्या ओसरीवर आपला जो काळ जातो, तो कोणाच्याही नावे मांडण्याची आपल्याकडे रीत नाही. आणि म्हणूनच असेल, संगणकाची कळ दाबल्यापासून ते यंत्र कामास सिद्ध होईपर्यंत जो काळ जातो, त्याविषयीही आमच्या पिढीने आरंभी फारशी तक्रार केली नाही. प्रौढ वयात संगणकाशी गाठ पडलेल्या आम्हां लोकांना ते यंत्र सुरू होते हेच अपूर्व वाटे. किती वेळात सुरू होते, ही पृच्छा पुष्कळ पुढची.

कचेरीत हिशेबखात्यासाठी पहिले यंत्र आले ते डॉसच्या अमदानीत. त्याला स्वतंत्र वातानुकूलित खोली मिळाली होती (आमच्या वरिष्ठांना ती कधीच मिळाली नाही) आणि पादत्राणे बाहेर काढूनच आत जावे, असा लेखी हुकूम दारावर डकवलेला होता. कळ दाबली की काळ्या पडद्यावर स्मृतीची मोजदाद चढत्या आकड्यांनी दिसे, फ्लॉपीचा दिवा लागून घरघर होई, आणि मग कॉन्फिग.सिस व ऑटोएक्झेक.बॅट या दोन लहानशा फायलींतील हुकुमांची ओळीने तामिली होऊन यंत्र आज्ञेसाठी सिद्ध होई. या फायली कोणासही उघडून वाचता येत, हा त्यांचा थोर गुण. आरंभी काय चालते आणि कोणत्या क्रमाने चालते, हे त्यांत स्वच्छ लिहिलेले असे. एखादी ओळ नको असेल तर तिच्या आधी 'रेम' एवढे लिहिले की ती तहकूब होई. प्रोग्रॅमांच्या वाट्याला सहजी येणारी स्मृती सारी 640 केबी. त्यामुळे कोणाला आत घ्यावे आणि कोणाला नाही, याचा विचार करणे प्रत्येकास भागच पडे.

घरी संगणक आला तो विंडोज 98 घेऊन, आणि हा विचार सुटला. प्रिंटर जोडला, गाणी ऐकण्याचा प्रोग्रॅम घेतला, विषाणूंच्या बंदोबस्तासाठी अँटीव्हायरस बसवला. यांपैकी प्रत्येकाने, आम्हांस न विचारता किंवा बारीक अक्षरांत विचारून, यंत्र सुरू होतानाच हजर राहण्याचा हक्क परस्पर आपल्या नावे करून घेतला. गावगाड्यातील वतनदाराप्रमाणे या मंडळींची चाकरी संपली तरी हक्क सुटत नाही: प्रिंटर भंगारात गेला, तरी त्याचा कारभारी पुढे कित्येक महिने घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात हजेरी लावीत होता. परगणा व कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने गेली. संगणकातील वतने मात्र ज्याची त्यानेच खालसा करावी लागतात. त्याची सोय विंडोज 98 मध्येच 'एमएसकॉन्फिग' या नावाने केलेली होती. त्यातील स्टार्टअपच्या यादीत एखाद्या नावापुढची खूण काढली, तर तो प्रोग्रॅम नष्ट होत नाही; बोलावल्यावर येतो, न बोलावता येत नाही, एवढाच फरक पडतो. विंडोज 8 पासून ही यादी टास्क मॅनेजरमध्ये गेली आणि आरंभावर कोणाचा भार किती पडतो, हेही तीत दिसू लागले.

तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. वीज आली की संगणक लावावा, तर आधी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क अवतरे आणि आपण यंत्र रीतसर बंद केले नाही, असा ठपका ठेवून डिस्कची तपासणी आरंभी. वीज गेली होती, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? तपासणी उरकून काम सुरू होते न होते, तोच पुन्हा वीज जाई.

अशा वेळी सल्लागारांना तोटा नसतो. दुरुस्तीला येणारा तरुण 'काका, फॉरमॅट मारून देतो' असे म्हणे, आणि त्याने खरोखरच गती येई. परंतु ती नव्या विंडोजमुळे जितकी, तितकीच जुनी वतने बुडाल्यामुळे येई, आणि वर्षभरात सारे हक्कदार परत हजर होत. विंडोज एक्सपी आल्यावर 'प्रीफेच' हे फोल्डर रिकामे करण्याची टूम निघाली. वास्तविक आरंभी कोणत्या फायली लागतात याची टिपणे विंडोज तेथे स्वतःच्या सोयीसाठी ठेवते. ती पुसली की पुढचा आरंभ उलट मंदावतो. एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरांची संख्या वाढवून लिहा, हा सल्ला तर अद्यापि ऐकू येतो. ती चौकट संख्येवर मर्यादा घालण्यासाठी आहे. ती रिकामी असली तरी यंत्र आपले सर्व प्रोसेसर वापरतेच.

खरी मेख हार्ड डिस्कच्या रचनेतच होती. मिनिटाला 7200 फेरे घेणारी तबकडी एक फेरा पुरा करण्यास 8 मिलिसेकंदांहून किंचित अधिक वेळ घेते; वाचणारे शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास साधारण तितकाच वेळ लागतो, आणि मग हवा तो तुकडा शीर्षाखाली येईपर्यंत सरासरीने अर्धा फेरा थांबावे लागते. विखुरलेले तुकडे वेचायचे असतील तर असे वाचन सेकंदाला शंभराच्या आतच होते, आणि विंडोजला सुरू होताना सहस्रावधी तुकडे लागतात. डीफ्रॅगमेंटरच्या पडद्यावरील रंगीत चौकोन सरकताना पाहण्यात माझी जी दुपार जाई, तिचा उपयोग या तुकड्यांतील अंतर कमी करण्यापुरता होता. फेरा त्याने चुकत नव्हता. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे हा सारा विलंबच नाहीसा होतो. भाच्याने आमच्या जुन्या यंत्रात ती बसवून दिली, तेव्हा चहा ठेवून येईपर्यंत जे सुरू होत नसे ते यंत्र चष्मा पुसेपर्यंत सुरू झाले. आणि इतकी वर्षे यादीतील खुणा काढून मी मिळवलेला सारा लाभ त्यापुढे किरकोळ ठरला. याचा किंचित मत्सर वाटला, हे नमूद करणे प्राप्त आहे.

विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप'ची भर पडली. तीत 'शट डाउन' म्हटल्यावर विंडोजचा गाभा पूर्णपणे मिटवला न जाता डिस्कवर जसाच्या तसा उतरवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच उचलला जातो. म्हणून यंत्र अडखळू लागले तर ते बंद करून पुन्हा लावण्यापेक्षा 'रीस्टार्ट' करणे बरे. त्यातच सगळे मुळापासून सुरू होते.

ज्यांच्या घरी अजून फिरत्या तबकडीचा संगणक आहे, त्यांनी नव्या यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी एसएसडीची विचारावी, आणि ती बसवण्याआधी घरच्या छायाचित्रांची एक प्रत अन्यत्र काढून ठेवावी. जुनी हार्ड डिस्क धडधाकट असेल तर ती टाकू नये. बाहेरच्या डबीत घालून यूएसबीला जोडली की दुसरी प्रत ठेवण्यास ती पुष्कळ चालते.