कातिणीनं कात टाकली, फवारणी राहिली



आमच्या डाळिंबात, विहिरीकडच्या पहिल्या ओळीत दोन झाडांच्या मधे एक मोठी कातीण महिनाभर राहतेय. पाठीवर पिवळे-चंदेरी पट्टे, जाळ्याच्या मधोमध फुलीसारखी पांढरी नागमोडी नक्षी. पुस्तकातलं नाव आर्जिओपी. धाकटीनं तिला पाळलीच आहे म्हणा ना. शाळेतून आली की नाकतोडा धरून जाळ्यात टाकते.

चार दिवस झाले, कातीण खाईना. "पप्पा, आजारी हाय ती." मलाही तसंच वाटलं.

काल सकाळी फुलकिड्यांसाठी फवारणी धरली होती. पाणी भरायला गेलो तर ही पाय गोळा करून धाग्याला लटकलेली. बघता बघता डोक्याकडचं कवच पुढच्या कडेला उललं आणि डब्याचं झाकण उघडावं तसं वर आलं. पोटाची कातडी सुरकुतत मागं सरकली. पाय मात्र लवकर निघेनात. आठही पाय एकदमच, थोडं ओढायची, थांबायची, परत ओढायची. एखादा अडकला तर तो तुटतो, नाहीतर जीव जातो. मी पंप खाली ठेवला. पाऊण तासानं निसटली आणि जुन्या कातडीखाली लोंबकळत राहिली. रंग फिका, पाय ओल्या सुतळीसारखे.

कातिणीच्या अंगात हाड नसतं, कवच हाच सांगाडा. ते वाढत नाही. म्हणून आत नवं मऊ कवच तयार करायचं आणि रक्ताचा दाब पुढं आणून जुनं फोडायचं. नवं टणक होईपर्यंत धड पळता येत नाही, की चावता येत नाही. रेशीमवाल्यांना हे सांगायला नको. अळ्या मोल्टला बसल्या की आपण पाला बंद करतो, चुना मारतो, कुणाला हात लावू देत नाही. चारही वेळा. शेडमध्ये एवढं जपतो, आणि बागेत?

गेल्या वर्षी मी पायरेथ्रॉइड गटातलं औषध लागोपाठ मारलं. फुलकिडे आठ दिवस दबले, मागनं लाल कोळी असा उठला की पानं तांबूस पडली. त्याला खाणारे मित्रकीटक मीच मारले होते. आपल्याकडं पान शोषणाराही कोळी आणि जाळं विणणाराही कोळी. नाव एक, पण एक पिकावर जगतो, दुसरा किडीवर.

खरं सांगायचं तर ही कातीण काही बाग राखत नाही. लाल कोळ्याकडं ती बघत नाही, आणि मधमाशी सापडली तर सोडत नाही. पण एवढी मोठी कातीण माझ्या बागेत टिकली, म्हणजे डोळ्याला न दिसणारी बारकी मंडळीही टिकली असतील, एवढी आशा वाटली.

औषध अजून कालवलं नव्हतं, हे बरं झालं. पांढरा कागद घेऊन दहा झाडांचे शेंडे झटकले. फुलकिडे होते, पण मोजके. फवारणी पुढं ढकलली. कायमची सोडली असं नाही. गुरुवारी परत झटकून बघणार, वाढले असतील तर मारणार. पण वार बघून नाही, कागद बघून.

आज पहाटे नवं जाळं तयार होतं. संध्याकाळी तिनं नाकतोडा खाल्ला. कात पोरीच्या कंपासपेटीत आहे, आठही पायांसकट.

तुमच्या भागात हिला काय म्हणतात? आणि फवारणीआधी शेंडे झटकून कोण कोण बघतं, खरं सांगा.