उधारी नसलेली गाडी

आमच्या मुलीला इंजिनिअर होताच कुपवाड एमआयडीसीत नोकरी लागली आणि घरात गाडीचा विषय निघाला. वयस्कर अब्बांना दर आठवड्याला मिरजेला दवाखान्यात न्यावे लागते, त्यामुळे गरज खरीच होती. तिला नवी कोरी गाडी हवी होती. आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. सहा लाखांचे कर्ज, 9 टक्के दर, 7 वर्षे मुदत : हप्ता सुमारे 9,650 आणि नुसते व्याजच दोन लाखांवर! व्याजाचा व्यवहार आम्हाला नकोच होता. आकडा पाहून तीही गप्प झाली.

मग साठवलेल्या पैशांत बसेल अशी जुनी गाडी शोधू लागलो. पहिली चकचकीत होती. पण 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले होते, हे विसरून कसे चालेल? मुलीने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. टोकाला गाळाचा डाग! कार्पेटखाली गंज. आम्ही सलाम करून निघालो.

दुसरी वॅगनआर साधी, पण आतून कोरडी. आरसीवरचा बँकेचा बोजाही उतरवलेला. अल्हम्दुलिल्लाह, तीच घेतली.

परवा अब्बा पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "बेटा, हिच्यावर कुणाची उधारी नाही. सावकाश चालव."