माहुलच्या गच्चीवरची वीज

मुंबईतल्या माहुलला दुपारी खारे वारे सुटले की दोरीवरचे कपडे आडवे होतात आणि गच्चीवर कुणीतरी म्हणतंच, "इथे पवनचक्की लावली तर?" ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या समोरच दिसतात. १९५६ पासून शेजारी वीज तयार होते आहे, तेव्हा आपलीही थोडी असावी असं वाटणं साहजिक आहे.

*

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. निम्मा झाला की आठव्या हिश्श्यावर येते. दोन मीटर व्यासाची छोटी पवनचक्की सेकंदाला आठ मीटरच्या वाऱ्यात साधारण २४० वॉट देईल, चार मीटरच्या वाऱ्यात जेमतेम ३०. म्हणजे कमी वीज खाणारा एक बीएलडीसी पंखा. त्यातून आजूबाजूला तेवढ्याच उंचीच्या इमारती. वारा फुटतो, भोवरे होतात, चक्की नुसती तोंड फिरवत राहते. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या अडथळा नसलेल्या वाऱ्यासाठी.

*

एक किलोवॉट सोलरला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. उघडिपीत दिवसाला चार युनिट धरावेत. आषाढात ते बरेच घटतात आणि नेमका तेव्हाच नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो. ऊन-वाऱ्याची जोडी लावायची कल्पना म्हणूनच खरी आहे; पण चक्कीचा खांब खाडीकाठच्या मोकळ्या जागेत हवा, गच्चीवर नको.

*

पॅनेलवर बोट फिरवलं तर बोट काळं होतं. ही धूळ फुंकून जात नाही, तेलकट आहे. पाण्यात थोडा सौम्य साबण, मऊ फडकं, आणि वेळ सकाळची, काच तापण्याआधी. माहुलच्या प्रदूषित हवेविरुद्ध ग्रामस्थ हरित लवादाकडे गेले, पुनर्वसनात इथे आणलेले रहिवासी उच्च न्यायालयात. तीच हवा काचेवर बसते. छातीत किती बसत असेल, हा विचार पुसताना सुटत नाही.

वारा खारा आहे, तेव्हा पॅनेलचे नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

*

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी: कागदावर १.८ युनिट. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर बसते, म्हणून हाती ०.९. त्यावर ७५ वॉटचा जुना पंखा बारा तास चालेल, २८ वॉटचा बीएलडीसी बत्तीस. आधी पंखा बदलावा. बॅटरी तर मुंबईत बहुतेक घरांना लागतच नाही. ग्रीडला दिलेली वीज बिलातून वळती करणारं नेट मीटर पुरे. एवढंच ध्यानात ठेवा, की बॅटरीविना लावलेला सोलर ग्रीड गेली की बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

*

सोलरचा खरा उपयोग सामाईक मीटरवर. पाण्याचा पंप दिवसा, उन्हातच चालवला तर पॅनेलची वीज जागीच खर्ची पडते. पीएम सूर्यघर योजनेत (२०२४) सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालाच, आणि सभेला जाताना पंपाचं वर्षभराचं बिल सोबत न्या.