वारा पाहून पाठ

‘वारा पाहून पाठ फिरवावी’ हे वाक्य त्या शनिवारी होडीत कोणी कोणाला उद्देशून म्हटलं, ते राहू द्या. म्हणणारा एव्हाना विसरलाही असेल. मी मात्र रविवारी रात्री परत येताना शिरूर ओलांडलं, घोडनदी मागं पडली, तरी ते वाक्य डोक्यातून उतरेना.

खरं तर आम्हा नगरकरांचा शिडाशी काय संबंध? पाणी आहे आमच्याकडे. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ सालचं, मुळा धरण आहे, शेवगाव-नेवाशाला जायकवाडीचा फुगवटा आहे. पण त्या पाण्याकडे आम्ही ‘आवर्तन कधी सुटणार’ एवढ्याच नजरेनं बघतो. त्यावर शीड उभारून मजेसाठी इकडून तिकडे जावं, हे कोणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. म्हणून मुंबईतल्या मैत्रिणीनं बोलावलं, तेव्हा आम्ही कॉलेजचे जुने सोबती गेटवेसमोरच्या पाण्यात दोन दिवस हुंदडलो. ती शिडाची होडी चालवायला चांगली शिकलेली. सुकाणू तिच्या हातात आणि शिडाची दोरी आळीपाळीनं आमच्या. शाळेत घोकलेले मतलई आणि खारे वारे पहिल्यांदा अंगावर आले. सकाळी जमिनीवरून येणारी झुळूक, मग दुपारी शीड लोंबकळत पडेल असा शुकशुकाट, आणि त्यानंतर समुद्राकडून भरून येणारा वारा.

मला वाटलं होतं, वाऱ्याकडे पाठ केली की होडीचं भलं. ती म्हणाली, उलट आहे. वारा बरोबर मागून असला की होडी त्याच्यासोबतच पळते, त्यामुळे तो तोंडाला लागत नाही. किती जोराचा आहे ते कळत नाही. जरा दिशा चुकली की शिडाचा आडवा दांडा या बाजूचा त्या बाजूला फाडकन येतो; कोणाचं डोकं मध्ये असलं तर संपलंच. याउलट समोरून येणारा वारा अवघड दिसतो, पण तो कळतो तरी. सरळ त्याच्या तोंडावर होडी जात नाही. साधारण ४५ अंशांचा कोन धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी जायचं. काठावरून बघणाऱ्याला वाटावं, यांचं काही ठरलेलं दिसत नाही.

हे काठावरून बघणं मला जास्त टोचतं. आमच्या जिल्ह्यात पारावर ही म्हण पुढाऱ्यांसाठी राखीव आहे. कारखान्याची निवडणूक आली की कोण कुठल्या पॅनेलमधून कुठे गेला, याचा हिशेब होतो आणि शेवटी कोणीतरी म्हणतो, वारा पाहून पाठ फिरवली गड्यानं. ती शिवी असते. पण आमची आजी हीच म्हण सासरी निघालेल्या पोरींना सांगायची, डोक्यावरून हात फिरवत, अगदी मायेनं. एकच वाक्य पुरुषाला दूषण आणि बाईला शहाणपण म्हणून दिलं जातं, हे इतकी वर्षं ऐकूनही मला खटकलं नव्हतं.

आणि मग चांदबिबी आठवते. नगरच्या माणसाला ती आठवणारच, जरी ‘चांदबिबी महाल’ म्हणून आम्ही पाहुण्यांना दाखवतो ती डोंगरावरची इमारत सलाबतखानाची कबर असली तरी. मोगलांचा मुराद नगरवर चालून आला, तेव्हा तिनं किल्ला लढवला, पडलेली भिंत रातोरात उभी केली. १५९६ मध्ये वऱ्हाड सोडून तह केला. तोवर ती शूर. १६०० साली दानियालची फौज आली. आता टिकाव लागत नाही हे तिनं ओळखलं आणि बोलणी करायची म्हणाली, तर मोगलांना फितूर झाली असं ठरवून तिच्याच माणसांनी तिला ठार केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला. माझ्या आजीचा सल्ला तिनं मानला, असं म्हणायचं का? की ती पाठ फिरवत नव्हती, नुसती बाजू बदलून त्याच ठिकाणी पोचू बघत होती, आणि तटावरच्यांना तेवढा धीर नव्हता?

बरं, वाऱ्याला पाठ देणं भेकडपणाचंच असतं असंही नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. ते मुंबईहून निघून पूर्वेकडे गेले, कारण दक्षिण महासागरात पश्चिमेचा वारा सतत मागून मिळतो. वारा पाहूनच वाट ठरवली होती, आणि त्या वाटेवर केप हॉर्न होतं. त्यांना पारावर काय म्हणतील? सुप्याजवळच्या पवनचक्क्या मात्र वारा पाहून तोंड फिरवतात. जिकडून येईल तिकडे तोंड, आणि त्यातूनच वीज. हे सुचलं तेव्हा वाटलं, आता काहीतरी हाती लागलं. दोन किलोमीटरवर ते फोल वाटू लागलं. पवनचक्कीला जायचं कुठं असतं?

आजीचं स्वतःचं काय, हाही प्रश्नच आहे. पोरींना म्हण सांगणारी ही बाई सामाईक विहिरीच्या पाळीसाठी भावकीशी मरेपर्यंत कोर्टात भांडली. तडजोड कर म्हणून सगळ्यांनी सांगितलं, ऐकलं नाही. ती गेल्यावर वडिलांनी एका बैठकीत प्रकरण मिटवलं. त्यांनी वारा पाहिला, की आजी इतकी वर्षं अडून बसली म्हणून तेवढं तरी पदरात पडलं, यावर घरात अजून वाद होतो. पाळी आठवड्यातून एक दिवस मिळते. त्या दिवशी बहुतेक वेळा वीज नसते.