दोन विमानतळांमधील अंतर

अंतर मोजावयाचें म्हटलें कीं आपला हात सहज पट्टीकडे जातो. नकाशावर मुंबई व न्यूयॉर्क हीं दोन टिंबें सरळ रेघेनें जोडलीं कीं काम झालें, असें वाटतें. परंतु मोसंब्याची साल सपाट पसरूं गेल्यास ती जशी फाटते, तशी ही गोल पृथ्वीही कागदावर कोठें ना कोठें ताणावी लागते. मर्केटरनें 1569 मध्यें दर्यावर्दींसाठीं आंखलेल्या पद्धतीच्या नकाशावर ती सरळ रेघ म्हणजे एकच दिशा धरून केलेला प्रवास होय. आणि त्या वाटेनें हें अंतर सुमारें 14,200 किलोमीटर भरतें.

आमच्या घरीं हा प्रश्न निघाला तो सासूबाईंमुळें. थोरल्या नणंदेच्या लेकीला न्यूयॉर्कमध्यें मुलगी झाली. पणतीला पाहावयास जावें कीं न जावें, ह्यावर कोणी वयाचा हिशेब मांडी, कोणी खर्चाचा. सासूबाई मात्र एवढेंच विचारीत, “अगं, पण तें आहे तरी किती लांब?”

मीं मुलांचा पृथ्वीगोल आणिला आणि दोन्ही शहरांमध्यें दोरा ताणून धरला. तोच दोरा विषुववृत्तावर ठेविला, तों त्याखालीं जवळजवळ 113 अंश आले. एका अंशाचे सुमारें 111 किलोमीटर, म्हणजे 12,543. पृथ्वी ध्रुवांपाशीं किंचित् चपटी आहे, तरी तेवढ्यानें ह्या आंकड्यांत फारसा फरक पडत नाहीं.

सासूबाईंना नवल वाटलें तें दोऱ्याच्या वाटेचें. मुंबई 19 अंश अक्षांशावर, न्यूयॉर्क 41 अंशांवर. दोरा मात्र पाकिस्तान, मध्य आशिया, सेंट पीटर्सबर्गचा परिसर असा चढत आइसलंडजवळ 65 अंशांपर्यंत जाऊन मग खालीं उतरला होता!

“मग विमान ह्याच वाटेनें जाणार ना?” त्यांनीं विचारलें.

मला खरें तें सांगावें लागलें. 2022 मध्यें रशियानें अनेक युरोपीय व अमेरिकन विमानांना, आणि 2025 च्या एप्रिलांत पाकिस्तानानें भारतीय विमानांना आपलें आकाश बंद केलें. विमानतळ जागचे हलले नाहींत. वाटा मात्र लांबल्या.

सासूबाई कांहीं वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे देवानें ठेविलेलें अंतर निराळें आणि माणसांनीं वाढविलेलें निराळें.” भिंतीपलीकडे राहणाऱ्या धाकट्या जाऊबाईंशीं त्यांचें बोलणें वाटणीपासून तुटलेलें आहे. त्या वेळीं त्यांची नजर त्याच भिंतीकडे होती, हें मीं पाहिलें. बोललें कोणीच नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तिकीट काढावयास सांगितलें. जाण्यापूर्वीं पणतीसाठीं एक कुंची शिवावयाची होती, आणि घराण्यांत कुंची शिवावी ती धाकट्या जाऊबाईंनींच! तें कापड घेऊन सासूबाई स्वतः पलीकडे गेल्या. ह्या वाटेस ना दोरा लागला, ना गणित. वळसा पडला म्हणून कोणी जावयाचें सोडीत नाहीं. फक्त वेळेवर निघावें लागतें.