जीभ पोचणार नाही तिथे

गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी घरी एक तेल बनवलं. पाव वाटी घाण्याचं खोबरेल मंद आचेवर कोमट केलं, देवघरातल्या डबीतल्या कापराच्या सात-आठ वड्या चुरून त्यात टाकल्या आणि विरघळेपर्यंत ढवळत राहिलो. स्वयंपाकघरात आरतीनंतरचा वास पसरला. तेल गार झाल्यावर पडवीत बसून मी ते ठकीच्या कानांना, नाकाच्या शेंड्यामागे आणि पोटाला निगुतीनं चोळलं. तिला ते आवडलं असावं, कारण माझे हातही तिने चाटून साफ केले. डासांपासून तिची सुटका केल्याच्या समाधानात मी झोपायला गेलो.

ठकी म्हणजे आमची गावठी कुत्री. रंग तांबूस, चेहरा जुन्या लाकडी बाहुलीसारखा लांबट, म्हणून ठकी. २०२०च्या टाळेबंदीत मी पुण्याहून कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरी आलो आणि परत गेलोच नाही. त्याच पावसाळ्यात ती खळ्यात येऊन बसली, आणि तीही परत गेली नाही. घर कौलारू, भोवती माड-पोफळी, मागे व्हाळ. मे महिन्यापर्यंत इथे डास आहेत हे विसरायला होतं. पावसाची पहिली सर ओसरून आठवडा-दीड आठवडा झाला, की दिवेलागणीला पडवीत बसवत नाही.

माणूस निदान हात तरी मारतो. कुत्र्याला अंगभर केस असतात, त्याला काय डास चावणार, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण डासाच्या मादीला फक्त एक विरळ जागा हवी असते, आणि कुत्र्याच्या अंगावर अशा जागा पुष्कळ असतात: कानांच्या कडा, नाकाचा वरचा भाग, पोट, मांड्यांची आतली बाजू. शिवाय डास वास, ऊब आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड यांच्या मागावर येतात. ठकी सारखी धापत असते, म्हणजे स्वतःचा पत्ताच सांगत असते. पावसाळ्यात तिच्या कानांच्या टोकांवर बारीक खपल्या धरायच्या. रात्रभर कान फडकवल्याचा फटफट आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. त्या आवाजावर काहीतरी उपाय करायला हवा होता.

माणसांसाठी असलेलं डासांचं मलम कुत्र्याला लावू नये, त्यातलं ‘डीट’ त्यांना बाधतं, हे मी वाचलं होतं. गुडनाइट-कछुआछाप मंडळींच्या धुराबद्दलही मला शंका होती. म्हणून मी ‘नैसर्गिक’ उपायाकडे वळलो. खोबरेल आपण खातो, कापूर आपण देवापुढे जाळतो. यात वाईट काय असणार?

रात्री दीडच्या सुमारास भांडं पडल्याचा आवाज झाला. ठकी ओकली होती आणि भिंतीला टेकून उभी राहायचा प्रयत्न करत होती. मागचे पाय तिचं ऐकत नव्हते. मग ती आडवी झाली आणि तिला झटका आला. चारही पाय ताठ, जबडा हलतोय, डोळे उघडे पण बघत नाहीत. मिनिटभरच चाललं असेल. आई कंदील घेऊन बाहेर आली, तिने वास घेतला आणि म्हणाली, “देवाचो कापूर कुत्र्याक कित्याक लावलंस?” मी काहीच बोललो नाही. भांडी घासायच्या साबणाने तिचं अंग धुतलं, गोणपाटात गुंडाळली आणि शेजाऱ्याच्या ओम्नीतून पहाटे तालुक्याला नेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “अंगाला काही लावलंत का?” मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सलाइन लावता लावता म्हणाल्या, कापूर पोटातून आणि कातडीतूनही झपाट्याने रक्तात जातो आणि थेट मज्जासंस्थेवर काम करतो. टी-ट्री ऑइलचंही तसंच. “आणि तुम्ही तो खोबरेलातून दिलात. म्हणजे तिने सगळा चाटला. कुत्र्याच्या अंगाला जे लावाल ते पोटात जाणार, हे धरूनच चालायचं.”

मी कानांचा विचार केला होता, डासांचा केला होता, त्या फटफट आवाजाचा तर नक्कीच केला होता. ठकीच्या जिभेचा केला नव्हता.

दुपारपर्यंत ती सावरली. पण तोवर डॉक्टरांनी तिच्या रक्ताचा एक थेंब काचेवर घेतला होता. त्यांनी मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. फिकट गोल पेशींच्या गर्दीत काहीतरी वळवळत होतं आणि आजूबाजूच्या पेशींना ढुशा देत होतं. एका थेंबात तसे तीन-चार. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ती जंतांची पिल्लं होती. कुठल्या जंताची, ते नमुना प्रयोगशाळेत गेल्यावर कळलं: दायरोफिलारिया रेपेन्स. तिच्या बरगडीवर वाटाण्याएवढी गाठ होती. ती गोचीड चावल्याची असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं.

ह्या जंताचा भाऊबंद, दायरोफिलारिया इमिटिस, कुत्र्याच्या हृदयात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहतो. त्याची मादी वीतभर किंवा त्याहूनही लांब वाढते आणि कुत्र्याला धाप लावून मारू शकते. आपल्या देशात तो ईशान्येकडे आढळतो. आमच्या नशिबी आलेला त्यातल्या त्यात सौम्य. तो कातडीखाली राहतो. पण दोघांचा रस्ता एकच. डास रक्त पितो तेव्हा त्यासोबत ही पिल्लं त्याच्या पोटात जातात. तिथे उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत ती वाढतात आणि डासाच्या सोंडेत येऊन थांबतात. पुढच्या चाव्याच्या वेळी ती कातडीवर उतरतात आणि डासाने पाडलेल्या भोकातून आत शिरतात. डासाविना हा प्रवास पुरा होत नाही. ठकी दुसऱ्या कुत्र्याशी खेळली, त्याला चाटलं, तरी काही होत नाही. डास मात्र तिच्याकडून घेऊन वाडीतल्या कुठल्याही कुत्र्याला देऊ शकतो. क्वचित माणसालाही, केरळात माणसांच्या डोळ्यांतून हा जंत काढल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे इतके दिवस मी डासांपासून ठकीला वाचवू बघत होतो, आणि आता ठकीपासून डासांना लांब ठेवणं हेही माझंच काम होतं.

हे सगळं आईला सांगितल्यावर तिला नवल वाटलं नाही. तिने हत्तीपाय झालेली माणसं पाहिली आहेत. “ते रातीचे येयत, रगात काढूक,” ती म्हणाली. हत्तीरोगाची पिल्लं रात्रीच बाहेरच्या रक्तात येतात, म्हणून तपासणीवाले रात्री दारं ठोठावत. या रोगाचा जंत डासाच्या पोटात वाढतो हे पॅट्रिक मॅन्सनने १८७७च्या सुमारास चीनमधल्या आमॉय बंदरात पाहिलं होतं. पण डास पाण्यात मरत असतील आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होत असेल, अशी त्याची समजूत झाली. १९०० साली इटलीत ग्रास्सी आणि नोए यांनी कुत्र्यांच्या हृदयातल्या जंतावर काम करून तो सोंडेतून येतो हे दाखवलं. एवढं बघणारा मॅन्सनही शेवटच्या पायरीवर चुकला, याचा मला त्या आठवड्यात थोडा आधार वाटला. पण त्याने आमॉयमध्ये कुणाला कापूर पाजला नव्हता.

मग मी अंगाला काही लावण्याऐवजी खळ्यात फिरायला लागलो. विहिरीजवळ जुनी दगडी दोण आहे, पूर्वी गुरांना पाणी पाजायला होती. ठकीला मी स्टीलच्या भांड्यात गाळलेलं पाणी देत असे, आणि ती जाऊन दोणीतलं पीत असे. वाकून पाहिलं तर दोणीत शेकडो अळ्या वरखाली करत होत्या. तिला चावणारे डास तिच्याच पाण्यात तयार होत होते. तिथून पुढे दिसतच गेलं: करवंट्या, पोफळीच्या विऱ्या, लाकडांवर घातलेल्या प्लॅस्टिकच्या कागदाच्या वळ्या. अंड्यापासून उडता डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं उपडं करायचं. एडीस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि सुकली तरी टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, काथ्याने घासावं लागतं. विहिरीत आरोग्य केंद्रातून आणलेले गप्पी मासे सोडले. दोण आता दर रविवारी आई घासते. मी घासलेली तिला पटत नाही.

औषध सुरू करताना डॉक्टरांनी विचारलं, “घरात मांजर आहे का?” आहे. मनी रोज ठकीच्या पोटाशी झोपते आणि तिला चाटते. डास पळवणाऱ्या कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते कुत्र्याला चालतं, मांजराचा जीव घेऊ शकतं. तेव्हा आता दोन जिभांचा हिशेब होता. त्यांनी दुसरं औषध निवडलं. महिन्यातून एकदा मानेवर केस बाजूला करून थेंब सोडायचे, आणि ते सुकेपर्यंत मनीला कोंडून ठेवायचं. प्रौढ जंत अंगात काही वर्षं राहू शकतात, पण रक्तातली पिल्लं या औषधानं मरतात. जानेवारीत तपासलेला थेंब स्वच्छ होता. बरगडीवरची गाठ अजून आहे.

पडवीत आता पंखा लावलाय, कारण वाऱ्यात डासांना धड उडता येत नाही. वीज जाते तेव्हासाठी चार काठ्यांवर जुनी मच्छरदाणी बांधली आहे. पहिली तिने दोन दिवसांत फाडली. दुसरीच्या कडेला आईने जाड धोतराची पट्टी शिवली. “आता कुत्र्याकय मच्छरदाणी!” म्हणत शिवली, पण टाका बारीक घातला.

महिन्याच्या पहिल्या तारखेला मी ठकीला दोन गुडघ्यांत धरतो, खांद्यांच्या मधले केस फाकवतो आणि थेंब सोडतो. मनी आतून दार खरवडत असते. ठकी मान वळवते, जीभ लांब काढते, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. पोचत नाही. तरी सुकेपर्यंत मी तिला सोडत नाही.