विरजण कुठून आणलं?

विंडोजवर नवं सॉफ्टवेअर टाकताना आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' दाबत जातो. त्या खिडक्या दाखवणारी फाइल म्हणजे इन्स्टॉलर, आणि तो तयार करण्यासाठीही वेगळं सॉफ्टवेअर लागतं. एनएसआयएस हे त्यातलं जुनं, विश्वासाचं आणि खुलं साधन. विनॅम्प हा गाण्यांचा प्लेअर बनवणाऱ्या नलसॉफ्टने ते मुळात लिहिलं. या साधनाचं लिनक्ससाठी पॅकेज बांधणं हे माझं काम.

विंडोजचा इन्स्टॉलर बनवायला लिनक्स कशाला, असं मला नेहमी विचारतात. रात्री-अपरात्री आपोआप बिल्ड चालवणारे सर्व्हर बहुतेक लिनक्सचे असतात, म्हणून. टॉर ब्राउझरची विंडोज आवृत्तीसुद्धा लिनक्सवरच बांधतात.

एनएसआयएसच्या पोटात दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. एक कंपायलर. तो स्क्रिप्ट वाचतो, फाइली दाबून लहान करतो आणि इन्स्टॉलर जोडतो. हा आपल्या लिनक्सवर चालतो. दुसरी वस्तू म्हणजे स्टब: काही किलोबाइटांचा छोटा विंडोज प्रोग्राम. तो प्रत्येक इन्स्टॉलरच्या सुरुवातीला बसतो आणि लिनक्सवर कधीच चालत नाही. त्यामुळे एकाच पॅकेजला दोन कंपायलर लागतात. इथल्यासाठी नेहमीचा जीसीसी, तिथल्यासाठी मिंगडब्ल्यू. डेबियनमध्ये या दोन वस्तूंची पॅकेजंही वेगळी आहेत. एनएसआयएसचा कंपायलर प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा बांधावा लागतो. स्टब मात्र सगळीकडे तोच.

इथे एक सोपी वाट आहे. विंडोजसाठीची झिप उतरवायची, त्यातले तयार स्टब उचलायचे आणि फक्त कंपायलर आपण बांधायचा. तासाभरात काम होतं. मला ते मान्य नाही. स्टब म्हणजे विरजण आहे. या पॅकेजमधून निघणाऱ्या प्रत्येक इन्स्टॉलरमध्ये तो उतरतो आणि तिथून अनोळखी माणसांच्या संगणकांवर जातो. इन्स्टॉलरला तर लोक विनातक्रार अ‍ॅडमिनचे अधिकार देतात. मग ते विरजण आपल्यासमोर, सोर्सपासूनच लागलं पाहिजे. तेवढ्यावरही थांबू नये. विंडोजच्या फाइलीत लिंकर बांधणीची वेळ कोरून ठेवतो. ती गोठवली, की दोन वेगवेगळ्या यंत्रांवर बांधलेले स्टब बाइटन् बाइट जुळायला हवेत. जुळले नाहीत, तर कारण सापडेपर्यंत मी पॅकेज पुढे पाठवत नाही.

बाकी कटकटी रोजच्या. फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल अक्षरांची अदलाबदल विंडोजला चालते, लिनक्सला खटकते. फाइलींच्या पत्त्यांतल्या उलट्या तिरक्या रेघा सुलट कराव्या लागतात.

देवनागरीची गोष्ट मात्र मनाला लागलेली आहे. विंडोजमध्ये देवनागरीसाठी सिस्टमचं जुनं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, कधी नव्हतंच. ती थेट युनिकोडमधून आली. त्यामुळे एनएसआयएसच्या दुसऱ्या आवृत्तीत मराठी इन्स्टॉलर शक्यच नव्हता. 2016 साली युनिकोड समजणारी तिसरी आवृत्ती आली आणि दार उघडलं. पण विंडोजवर सी भाषेतलं रुंद अक्षर 2 बाइटांचं असतं, लिनक्सवर 4 बाइटांचं. मी स्वतः लावलेल्या एका पॅचमध्ये चारचे दोन बाइट करणारं रूपांतर एके ठिकाणी राहून गेलं. चाचणीच्या इन्स्टॉलरवर 'मराठी' असं शीर्षक होतं, खिडकीत उमटला फक्त 'म'. फाइल हेक्समध्ये उघडली, तर तिथे होतं 2ई 09 00 00. पहिले दोन बाइट म्हणजे 'म'. पुढची दोन शून्यं म्हणजे विंडोजच्या लेखी मजकूर संपला. उरलेलं 'राठी' फाइलीत होतं, पण तिथवर कोणी वाचतच नव्हतं. लॅटिन अक्षरांतही हीच चूक झाली असती, पण त्या जागेची चाचणी मी मराठीतच घेतली आणि ती तिथे पकडली गेली. आता 'मराठी' दहा बाइटांत पूर्ण उमटतं, आणि ती चाचणी मी प्रत्येक आवृत्तीला चालवते.

तुम्ही सॉफ्टवेअर लिहून लोकांना देत असाल, तर एक विनंती. तुमच्या इन्स्टॉलरचा स्टब कोणत्या सोर्सपासून, कोणत्या कंपायलरने बांधला आहे, हे एकदा शोधून काढा. आणि त्याच्या पहिल्या खिडकीत एक ओळ मराठीत लिहून बघा.